हॉप्सची रोपं घेऊ नका, हॉप्सचा कागद मात्र वाचा



मागच्या महिन्यात पेणला आपली दोन दिवसांची बॅच झाली. दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत रोहा तालुक्यातला एक मुलगा माझ्याकडे आला. वय सव्वीस-सत्तावीस, धाटावच्या एमआयडीसीत कंत्राटी कामाला, घरची दीड एकर भातजमीन. खिशातून घडी घातलेलं रंगीत पत्रक काढून त्याने माझ्या हातात दिलं. "सर, हॉप्स. बिअरमध्ये घालतात ते. कंपनी रोपं देणार, माल पण तीच उचलणार. वीस गुंठ्यांचे एक लाख ऐंशी हजार भरायचेत. आईच्या पाटल्या सोनेतारण ठेवतोय सोमवारी. तुम्ही फक्त एकदा हो म्हणा."

मी हो म्हटलं नाही. पण नुसतं "नको" म्हणून भागत नाही हो. ज्याच्या डोक्यात आकडा बसलाय त्याला दुसरा आकडाच द्यावा लागतो. त्यावर व्हिडिओ केला, पण वीस मिनिटांत बरंच राहून गेलं. ते सगळं इथे लिहितोय. कारण त्यानंतर अजून दोघांनी मला तसंच पत्रक पाठवलंय, एक पेणच्याच बाजूचं.

आधी हे वेड आलं कुठून ते बघा. २०२१ च्या मार्चअखेर एक बातमी देशभर फिरली. बिहारच्या औरंगाबाद जिल्ह्यातला एक शेतकरी म्हणे हॉप्सचे कोंब पिकवतो आणि त्याला किलोला एक लाख रुपये मिळतात, जगातली सगळ्यात महाग भाजी! मोठमोठ्या लोकांनी ती शेअर केली. मग स्थानिक पत्रकार खरोखर त्या शेतावर गेले, तर तिथे असं काही पीकच नव्हतं. पण बातमी खोटी निघाल्याची बातमी कोण शेअर करतो? लाख रुपयांचा आकडा राहिला लोकांच्या मोबाईलमध्ये. आज पत्रकं छापणारे तोच आकडा वापरतात. गंमत म्हणजे ती बातमी होती कोवळ्या कोंबांची, जे युरोपात वसंत ऋतूत थोडे दिवस भाजीसारखे खातात. बिअरमध्ये जातो तो भाग वेगळाच. पत्रक छापणाऱ्याला हा फरक माहीत नाही, किंवा माहीत असून सांगायचा नाही.

तर हॉप्स म्हणजे नक्की काय? वेल आहे. भांगेच्या कुळातला, पण नशेशी संबंध नाही. नर आणि मादी वेल वेगळे असतात आणि कामाचा फक्त मादी वेल. त्याला बोटाच्या पेराएवढी हिरवी, पापुद्र्यांची बोंडं येतात, त्यांना कोन म्हणतात. पापुद्रे उघडलेत तर आत पिवळी, चिकट पूड दिसते. तिचं नाव ल्युपुलिन. सगळा धंदा त्या पिवळ्या पुडीचा. तिच्यात कडवट आम्लं आहेत आणि वासाची तेलं आहेत. बिअर म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचं, म्हणजे माल्टचं, गोड पाणी यीस्टने आंबवलेलं. नुसतं केलं तर गुळमट लागेल. हॉप्स त्याला कडूपणाने तोलतात, वास देतात, आणि काही जिवाणूंना रोखून टिकवायलाही मदत करतात.

आता जात. पत्रकावर नुसतं "हॉप्स" लिहिलं होतं. माझी पहिली शंका तिथेच. तुम्ही बाजारात "भात विकायचाय" म्हणता का? व्यापारी विचारतोच, कुठला? जया, रत्ना, कर्जत? हॉप्सचं तर त्याहून जास्त. म्हणून उदाहरणाला एकच जात घेऊ, कॅस्केड. अमेरिकेतली ही फार गाजलेली जात आहे.

कॅस्केडचा मूळ संकर ओरेगॉनमध्ये, अमेरिकी कृषी खात्याच्या पैदास कार्यक्रमात १९५६ साली झाला. एका बाजूला इंग्लंडची फगल, दुसऱ्या बाजूला रशियन वंशाचा अंश. जात म्हणून ती बाहेर आली १९७२ ला. म्हणजे सोळा वर्षं! आणि आल्या आल्या हिट झाली असंही नाही. मोठ्या कंपन्यांना तेव्हा हवी होती युरोपियन हॉप्ससारखी सौम्य चीज, आणि हिला तर वास येत होता चकोतऱ्यासारखा, लिंबूवर्गी, थोडा फुलांचा. ज्या गोष्टीला मोठे गिऱ्हाईक नाक मुरडत होते, तीच छोट्या नव्या ब्रुअरीजनी उचलली. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुइंगने १९७५ मध्ये लिबर्टी एल काढली, कॅलिफोर्नियातल्याच सिएरा नेवाडाने १९८० मध्ये पेल एल. आज "अमेरिकन पेल एल" म्हटलं की जी चव लोकांच्या डोक्यात येते ती बरीचशी ह्या एका जातीची देणगी.

ब्रुअर ही जात घेतो तेव्हा पाकिटावर काय बघतो? पहिला आकडा अल्फा आम्लाचा. कॅस्केडमध्ये साधारण साडेचार ते सात टक्के. जर्मन मॅग्नममध्ये हाच आकडा बारा-चौदापर्यंत जातो, चेक साझमध्ये तीन-चारच. म्हणजे नुसता कडूपणा हवा असेल तर कोणी कॅस्केड घेत नाही, मॅग्नम अर्ध्याहून कमी वजनात तेवढंच काम करतो. कॅस्केड घेतात ती वासासाठी.

आणि वास कधी घालायचा ह्याचं गणित आपल्या आयांना चांगलं कळेल. आमटीत आमसूल उकळताना टाकतो, कारण त्याचा आंबटपणा उतरायला हवा. कोथिंबीर गॅस बंद केल्यावर, कारण तिचा वास उडायला नको. बरोबर? हॉप्स उकळीच्या सुरुवातीला टाकले, तासभर उकळले, की अल्फा आम्लाचं रूप बदलतं, कडूपणा पाण्यात उतरतो आणि वास वाफेबरोबर निघून जातो. शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत टाकले तर कडूपणा कमी, चव-वास जास्त. आणि बिअर आंबताना किंवा आंबून झाल्यावर टाकीत थंडच टाकले, ज्याला ड्राय हॉपिंग म्हणतात, तर मुख्यतः वासच. कॅस्केडचं खरं घर ह्या शेवटच्या दोन पायऱ्यांत आहे.

दुसरी गोष्ट साठवण, आणि इथे धंदेवाल्याने कान टवकारायला पाहिजेत. कॅस्केड फारशी टिकत नाही. वीस अंशांच्या तापमानात सहा महिने ठेवली तर तिचं जवळपास निम्मं अल्फा आम्ल संपतं. वीस अंश म्हणजे रोह्याला थंडी झाली हो! आपल्या एप्रिलमध्ये काय होईल तुम्हीच सांगा. म्हणून कोन तोडले की लगेच गरम हवेत सुकवतात, दळून गोळ्या करतात, हवा काढलेल्या फॉइलच्या पिशवीत भरतात आणि शीतगृहात ठेवतात. सुकवणीची भट्टी, गोळ्यांचं मशीन, कोल्ड स्टोरेज. पत्रकात ह्यातलं एकही नव्हतं. फक्त रोपं होती.

आता मुख्य प्रश्न. पेण-रोह्यात हॉप्स होईल का?

वेल जगेल. रोप मरणार नाही कदाचित, आणि तीच फसगत आहे. हॉप्सचा वेल दिवसाच्या लांबीवर चालतो. लांब दिवसांत तो वाढत राहतो, पंधरा-अठरा फूट चढतो, आणि दिवस आखूड व्हायला लागले की फुलावर येतो. अमेरिकेतलं याकिमा खोरं, जर्मनीतला हालेरटाऊ भाग, हे पट्टे ४६ ते ४९ अंश उत्तरेला आहेत. तिथे जूनमधला दिवस सोळा तासांच्या आसपास. आपण साडेअठरा अंशांवर. आपला वर्षातला मोठ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा. वेलाला वाटतं दिवस आखूडच आहेत, तो गुडघा-कमरेएवढा झाला की फुलायला लागतो, आणि येतात मूठभर कोन. त्यात आपला पाऊस, तीन हजार मिलिमीटरच्या घरात. ह्या वेलाचा मोठा शत्रू म्हणजे केवडा रोग, आणि त्याला ओल हवी असते. जुलैत नागोठण्याच्या पुढे अंबा नदीकाठी उभे राहा आणि विचार करा, ह्याहून जास्त ओल कुठे मिळेल त्याला.

कोणी म्हणेल, ब्राझीलमध्ये होतंय, फ्लोरिडात होतंय. होतंय. रात्री शेतात दिवे लावून, दिवस खोटा लांब करून. तिथे विद्यापीठं मागे उभी आहेत. तुमच्या वीस गुंठ्यांत रात्री चार-पाच तास दिवे लावायचं वीजबिल आधी काढा, मग बोलू.

भारतात हॉप्स झालंच नाही असं नाही. हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात, दहा हजार फुटांच्या आसपास, १९७० च्या दशकापासून शेतकऱ्यांनी ते पिकवलं. हवामान बरंच जुळत होतं. काही वर्षं बरी गेली. मग ब्रुअरीजना बाहेरचा माल परवडायला लागला, भाव पडले, उचल कमी झाली, आणि बऱ्याच लोकांनी वेल काढून मटार आणि फ्लॉवर लावला. जिथे पीक येतं तिथली ही गोष्ट आहे. गिऱ्हाईक मोजके असले की असं होतं.

गिऱ्हाईक किती मोजके, त्याचा हिशेब करू. हा माझा हिशेब आहे, तुम्ही वहीत पडताळून बघा. समजा पुण्यातला एखादा मायक्रोब्रुअरीवाला गव्हाची हलकी बिअर करतो. (पुण्यात ही लाट आणली २००९ मध्ये डूलालीने. त्या इंग्रजी शब्दाचं मूळ आपल्या नाशिकजवळच्या देवळालीत आहे, जाता जाता सांगितलं.) त्याला १,००० लिटरची एक टाकी भरायची आहे. एक किलो कॅस्केड, अल्फा सहा टक्के, म्हणजे त्यात ६० ग्रॅम आम्ल. तासभराच्या उकळीत त्यातलं साधारण पाव बिअरमध्ये उतरतं, १५ ग्रॅम. हजार लिटरमध्ये वाटलं तर लिटरला १५ मिलिग्रॅम. ब्रुअर ह्यालाच १५ आयबीयू म्हणतात, आणि गव्हाच्या बिअरला एवढा कडूपणा भरपूर झाला.

म्हणजे हजार लिटर बिअरला एक किलो हॉप्स! महिन्याला आठ हजार लिटर करणाऱ्या पबला आठ किलो. आयपीए करत असेल तर ड्राय हॉपिंगला टाकीमागे अजून चार-पाच किलो धरा. अमेरिकेत कॅस्केडचं एकरी सुकं उत्पन्न आठशे-नऊशे किलो निघतं. तिथल्या एका चांगल्या एकरावर आठ-नऊ लाख लिटर हलकी बिअर होते. आता सांगा, पत्रकवाला जिल्ह्यात दोनशे एकर लावायचं म्हणतोय, तो माल कोण पिणार आहे? आणि गिऱ्हाईक बिअरचा कारखानदार असो की पबवाला, त्याला दरवेळी तीच चव हवी. तो याकिमाची पाच किलोची फॉइल सोडून रोह्याचा कोन का घेईल, ज्याच्यावर अल्फाचा आकडाच नाही?

"मग मी स्वतःच बिअर करतो" असं एकाने विचारलं. अहो, महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणं हा दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. मायक्रोब्रुअरीचा परवाना राज्य उत्पादन शुल्क विभाग देतो, आणि तो धंदा भांडवलवाल्याचा आहे, सोनेतारणवाल्याचा नाही. हॉप्स घातलेला बिनदारूचा सोडा बाहेर देशांत विकला जातो, त्यात हा वास छान लागतो म्हणतात. ज्याला शीतपेयांचा अनुभव आहे त्याने त्यावर जरूर विचार करावा, अन्न परवान्याच्या सल्लागाराला आधी भेटून. पण तिथेही हॉप्स विकतच आणायचे आहेत, पिकवायचे नाहीत.

मी इतकं का तळमळून लिहितोय? कारण मी हे केलंय. २००३ च्या सुमारास सफेद मुसळीचं वेड आलं होतं, तुमच्या घरातल्या मोठ्यांना विचारा. मी तेव्हा नोकरीत होतो, भावाच्या जमिनीत लावली. बियाणं देणाऱ्यानेच परत घ्यायचा करार केला होता, स्टॅम्प पेपरवर. काढणीच्या वेळेला त्याचा फोन बंद. तो स्टॅम्प पेपर अजून आहे माझ्याकडे, बॅचमध्ये दाखवतो. भाऊ त्यानंतर दोन वर्षं माझ्याशी नीट बोलला नव्हता. पैसे परत फेडले, पण ते दिवस नाही परत मिळाले. मग इमू आला, कोरफड आली, २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरकडे कडकनाथ कोंबड्यांचं प्रकरण झालं. प्राणी बदलतो, वेल बदलतो, कराराचा कागद तोच. ज्याचा नफा रोपं विकून आधीच झालाय, त्याला तुमचा माल उचलायची गरज काय?

माझं मत असं आहे की हॉप्समधून आपण रोप घ्यायचं नाही, हॉप्सवाल्यांची सवय घ्यायची. त्यांच्या प्रत्येक पिशवीवर जात, हंगामाचं वर्ष, त्या लॉटचा अल्फा टक्का असतो. सोबतच्या कागदावर वास कसा, कशात वापरा, कसं साठवा. गिऱ्हाईक कागद वाचून ऑर्डर देतं, चव बघायला याकिमाला जात नाही. पेणच्या गणपतीचंच बघा ना. शाडू काही पेणच्या डोंगरात मिळत नाही, गुजरातेतून येतो. तरी हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांतली मूर्ती मुंबई-पुण्यातच नाही, परदेशातही जाते, कारण उंची, आसन, रंगकाम सांगितलं की कारखानदार तशीच देतो. कच्चा माल आपल्या मातीत आहे की नाही हा प्रश्न दुय्यम ठरला तिथे.

आणि आपल्या मातीत जे आहे त्याचा कागद कुठे आहे?

मी त्या मुलाला विचारलं, भात काढल्यावर शेतात काय असतं? म्हणाला, वाल. कुठले? कडवे. बघा, जगभर लोक कडूपणाचे टक्के मोजून पैसे देतात, आणि आपण कडवे वाल गोणीत भरून व्यापारी म्हणेल त्या भावाला देतो. पाणी न देता, भाताच्या उरलेल्या ओलीवर आणि दवावर येणारं पीक. थंडीत पोपटी लावली की मुंबईचे पाहुणे शेंगा विचारत येतात. दादर-ठाण्याच्या किती घरांत बिरड्याला कडवेच लागतात, गोडे चालत नाहीत. हे गिऱ्हाईक आहेच, ते आपल्याला बनवायचं नाही. पण त्याला पाकिटावर काय दिसतं? "वाल, ५०० ग्रॅम". कुठल्या गावचे, ह्या वर्षीचे की मागच्या, मोड किती टक्के दाण्यांना येतात, किती तास भिजवायचे, कीड लागू नये म्हणून काय केलंय, काही नाही. जुने वाल नीट मोड धरत नाहीत, हे आपल्या प्रत्येक आजीला माहीत आहे. मग "ह्या फेब्रुवारीची मळणी, शंभरातले इतके दाणे मोडावर आले" हे छापायला काय हरकत आहे? शंभर दाणे मोजून फडक्यात बांधायला काय खर्च येतो?

त्याने सोमवारी पैसे भरले नाहीत. मी सांगितलेले तीन प्रश्न फोनवर विचारले: जात कुठली, अल्फा किती, आणि मागच्या वर्षी महाराष्ट्रात कोणाचा माल उचलला त्याचा पत्ता द्या. पहिल्या दोनांना "हायब्रीड आहे" एवढं उत्तर आलं. तिसऱ्यानंतर पलीकडून ऑफर आली, बुकिंगवर दहा टक्के सूट.

मागच्या रविवारी त्याने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले. एक किलो कडवे वाल घरच्या काट्यावर तोलून भिजवले, मोड आणले, सोलून डाळिंब्या पुन्हा तोलल्या. वजन छान भरलं म्हणून खूश होता. शेजारच्या दोन बायकांनी ठाण्याच्या नातेवाइकांसाठी लगेच मागितल्या म्हणे, भाव पण त्याने स्वतःच सांगितला. मी विचारलं, सोलायला किती वेळ गेला? आई आणि आत्या मिळून अडीच तास. त्याची मजुरी भावात धरलीस का?

नाही म्हणाला. मी म्हटलं, ती धर, मग भाव पाठव, तोपर्यंत कोणाला काही कबूल करू नकोस.